झुंबराबाईचा हात

माझ्या सासूबाईंनी लग्नाच्या अठरा वर्षांत माझा हात दोनदाच हातात घेतला. एकदा हळदीच्या दिवशी, आणि एकदा मला विंचू चावला तेव्हा. सातासमुद्रापलीकडच्या त्या फेलिपाचा हात मात्र त्या रोज सकाळी तास-दीड तास धरून बसत. हे मी डोळ्यांनी पाहत होते आणि वर त्याची नोंदही मीच ठेवत होते, कारण प्रकल्पाच्या कागदांवर माझं पद 'स्थानिक समन्वयक' असं होतं. तेव्हा आधीच सांगून टाकते, ही गोष्ट सांगणारी बाई जळकुकडी आहे. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

माझं नाव वैजयंता भांगरे. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला जांभूळशेत म्हणून आमचं महादेव कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या उपकेंद्रात मी नर्स. सासूबाई झुंबराबाई, वय एकाहत्तर, पंचक्रोशीतल्या शेवटच्या सुईण. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही म्हणते. पोटातलं मूल आडवं असो की पायाळू, आत्या तेल लावून पोटावर हात ठेवायच्या आणि अर्ध्या-पाऊण तासात मुलाचं डोकं खाली यायचं. दर वेळी नाही, पण दहातली सात-आठ वेळा तरी. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात या क्रियेवर एकच परिच्छेद होता आणि शेवटी लिहिलं होतं की हे तज्ज्ञांनीच करावं. ते तज्ज्ञ कुठे मिळतात हे लिहिलेलं नव्हतं.

मी सांगते आहे ते साल २०४४. तोपर्यंत सगळीकडे रिवाज पडून गेला होता की मूल सरळ नसलं की ऑपरेशन करायचं. त्यात वाईट काहीच नव्हतं, त्याने बायका वाचल्या. पण दोन पिढ्यांत मूल बाहेरून वळवणारे हातच उरले नाहीत. मग दरडी, पूर, वादळं यांनी दर वर्षी रस्ते तुटायला लागले. ऑपरेशनचं टेबल आठ तासांवर आणि कळा आत्ताच्या आत्ता, असं आमच्याकडे व्हायला लागलं आणि जगात इतरत्रही. तेव्हा मोठमोठ्या विद्यापीठांना आमच्यासारख्या डोंगरातल्या म्हाताऱ्यांची आठवण झाली.

पुण्याच्या विद्यापीठातून मधुरा टिपणीस मॅडम आल्या त्या मोज्यांची पेटी घेऊनच. मोजा म्हणायचा एवढंच, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होता तो. एकेका मोज्यात बारा हजार ठिपके. प्रत्येक ठिपका दोन कामं करायचा. आपल्यावर किती दाब पडला ते सांगायचा, आणि वीज मिळाली की स्वतः घट्ट किंवा सैल व्हायचा. म्हणजे इकडच्या हाताला जे लागलं ते तिकडच्या हाताला लागणार आणि तिकडचं इकडे. दोन बायकांनी जगाच्या दोन टोकांना मोजे घातले की एकीचा हात दुसरीच्या हातात असल्यासारखा.

"अडचण एकच आहे, पृथ्वी फार मोठी आहे," मॅडम म्हणाल्या होत्या. आवाज थोडा उशिरा पोचला तर माणूस सांभाळून घेतो. स्पर्शाला उशीर खपत नाही. बोट आत्ता दाबलं आणि ते पाव सेकंदाने लागलं तर अंगाला ते खोटं कळतं आणि हात आखडतो. ग्वाटेमालाला संकेत जाऊन परत यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, आणि प्रकाशापेक्षा जोरात काही पळत नाही. म्हणून मॅडमनी दोन्हीकडच्या यंत्रात समोरच्या हाताचा अंदाज बसवला. रोज सोबत काम करून यंत्र शिकायचं की हा हात आता पुढे काय करणार, तसा स्पर्श आधीच द्यायचं, आणि खरा संकेत आला की चुकलेलं दुरुस्त करायचं. जुन्या संसारात नवऱ्याने तोंड उघडायच्या आधीच बायकोला कळतं, तसलाच प्रकार. अंदाज जितका बरोबर तितकी 'जुळणी' जास्त. शंभरात सत्तरच्या वर जुळणी असेल तरच खऱ्या पोटाला हात लावायची परवानगी. आणि जुळणी व्हायची ती दोनच हातांची. तिसऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या सगळ्याला घाई होती, कारण आत्यांना साखर होती. त्यांच्या बोटांचे शेंडे बधिर व्हायला लागले होते. मॅडमच्या अंदाजाने वर्ष, फार तर दीड वर्ष, मग त्या बोटांना पोटातलं काही कळणार नव्हतं. तोपर्यंत हा हात कुणाकडे तरी जायला हवा होता.

तो मला हवा होता. दुसरं काही नको होतं मला त्या घरातून.

पहिली चाचणी माझ्याबरोबरच झाली. आत्या पडवीत, मी स्वयंपाकघरात, मधे भिंत. आत्यांनी कणकेच्या गोळ्यावर हात फिरवायचा आणि मी माझ्या गोळ्यावर. जुळणी आली एक्केचाळीस. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला असंच असतं. तीन आठवडे रोज बसलो, त्रेचाळीस झाली. मग ग्वाटेमालाच्या डोंगरातली फेलिपा जोडली गेली. काक्चिकेल लोकांमधली सुईण, पन्नाशीची, ठेंगणी, दोन वेण्यांमध्ये निळी फीत गुंफलेली. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न, आणि महिन्याच्या शेवटी ब्याऐंशी. अठरा वर्षं एका चुलीवर जेवलेली सून त्रेचाळीस, आणि जिचं गाव नकाशात सापडायला मला दहा मिनिटं लागली ती ब्याऐंशी. मनातल्या मनात मी ज्याला भ्यायची ते यंत्राने आकड्यात लिहून हातात दिलं.

पहिल्या दिवशीचं एक सांगायलाच हवं. विद्यापीठाचा करार साठ पानांचा होता. आत्यांनी आणि फेलिपाच्या गावच्या म्हाताऱ्यांनी तो बाजूला ठेवून स्वतःच्या अटी सांगितल्या. हात दोन्ही गावांचा राहील. यंत्रातली नोंद आम्हाला विचारल्याशिवाय तिसऱ्याला द्यायची नाही. आणि सर्वांत आधी, जो स्वतःच्या तोंडाने मागेल त्यालाच हात द्यायचा, न मागणाऱ्याला नाही. गंमत म्हणजे ही अट दोन्हीकडून आपापली आली. त्यांच्याकडे होणारी सुईण मेणबत्ती घेऊन थोरलीकडे जाते, आमच्याकडे नारळ घेऊन. मॅडमना त्याचं फार कौतुक वाटलं.

बोलणं मात्र चार जिभांमधून जायचं. आत्यांची बोली यंत्राला कळायची नाही, म्हणून ती मी पुस्तकी मराठीत सांगायची. यंत्र त्याचं स्पॅनिश करायचं आणि फेलिपाची भाची लुसिया त्याचं काक्चिकेल. येताना याच वाटेने उलटं. तर पडद्यावर फेलिपा आली, तिने मेणबत्ती लावली, काहीतरी म्हणाली. लुसियाकडून, यंत्राकडून ते माझ्यापर्यंत आलं आणि मी आत्यांकडे वळून म्हणाले, "तुमचा हात मला द्याल का?"

आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. जरा जास्तच वेळ बघितलं.

"कोन मागतंय?" त्यांनी विचारलं.

"ती. फेलिपा."

"बरं," आत्या म्हणाल्या आणि पडद्याकडे वळल्या. "तिला म्हनावं, दिला."

मी का मागितला नव्हता इतकी वर्षं? त्याचंही कारण आहे आणि ते मला शोभणारं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी उपकेंद्रात लागले. गावठी बाळंतपणं बंद करायची मोहीम होती आणि साहेब म्हणाले, सुरुवात घरापासून करा. मी ग्रामसभेत, चारचौघांत, आत्यांसमोर कागद ठेवला की मी यापुढे बाळंतपण करणार नाही. आत्यांनी अंगठा दिला. घरी येऊन अंगठ्याची शाई राखेने घासली आणि भाकऱ्या थापायला बसल्या. त्यानंतर बायका चोरून यायच्या, मी न बघितल्यासारखं करायची, आणि हळूहळू मलाच कळत गेलं की मी कशावर अंगठा घेतला. पण मागायला जाणार कुठल्या तोंडाने? मला वाटायचं, माफ केलं असेल तर त्या आपण होऊन देतील. त्यांनी दिला नाही, म्हणजे माफ केलं नाही. असा माझा हिशेब.

आता रोज सकाळी सात वाजता, तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असताना, दोघी बसायच्या. आत्या तेलाने हात चोळून मोजे चढवत. तोंडावर अशी कळा यायची की जणू लेक माहेरी आली आहे. लेकच म्हणायच्या तिला. "वैजे, इचार तिला, जेवली का?" मला कधी विचारलं होतं? बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही यावर दोघींचं पहिल्या आठवड्यातच एकमत झालं. फेलिपाकडे मातीची छोटी वाफेची खोली होती, बाळंतिणीला तिच्यात शेकायचे. ते कळल्यावर आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ. शेगडी ठिवली तर तू मला वरडली व्हतीस." मी धुराने बाळाला त्रास होतो म्हणून ओरडले होते, आणि ते बरोबरच होतं. पण तिथे बरोबर असून उपयोग नव्हता.

आणि त्या बोलायच्या किती! पोटावर हात असताना आत्या एरवी मुक्या असायच्या, बाजूच्या बाईलाही गप्प बसवायच्या. आता मात्र टकळी सुरू. "लेकी, घाईचा हात आंधळा आसतो." "लेकी, पुस्तकातल्या पोटाला आई नसती." "लेकी, मूल ढकलायचं नसतं, त्याला वाट दावायची असती." मला प्रत्येक वाक्य झोंबायचं. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय! घाईचा हात माझा, पुस्तक माझं, ढकलणारी मी. मोज्यांमधून सगळं पोचत असताना हे बोलायची गरजच काय होती? मला ऐकवायचं म्हणूनच ना? आणि वर ते टोमणे मीच नीट मराठीत करून परदेशी पाठवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण आवाज सपाट ठेवून मी बटण दाबायची, लाल दिवा लागायचा आणि मी बोलायची.

प्रकल्पाच्या पाचव्या महिन्यात आमच्याच गावची सीमा गभाले आली. साडेआठ महिने भरलेले, मूल पायाळू. सगळी तयारी होती, डॉक्टर उपकेंद्रात हजर, पोटावर ठोके मोजणारी पट्टी. आत्यांचे हात सीमाच्या पोटावर, तिकडे फेलिपाच्या हाताखाली शिकायचं रबरी पोट. मूल निम्मं वळलं आणि ठोके जरासे मंदावले. आत्या थांबल्या. त्यांचे हात तसेच राहिले. मग ठोके वर आले, मूल उरलेलं वळलं, सीमा रडता रडता हसली. असं मधेच हात ठेवून थांबताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

हात तसेच ठेवून आत्या म्हणाल्या, "लेकी, मधीच ठोका मंदावला ना, तर ढकलायचं न्हाय. आन् हात उचलायचा बी न्हाय. उचलला की मूल झटक्यानं माघारी जातं, नाळ वढली जाती. हात निस्ता ठिवायचा, जड न करता. आईचे तीन श्वास मोजायचे. मंग मूलच सांगतं, कंच्या अंगानं जायाचं त्ये."

मला कळलं, हे टोमण्यातलं नाही. हे गाभ्यातलं आहे. असं काही आत्या कधीच बोलल्या नव्हत्या. माझं बोट बटणावर होतं. मनात आलं, हे सुद्धा तिलाच? एवढं तरी घरात राहू दे. मी बटण न दाबता ते वाक्य पुटपुटले, आत्यांना वाटावं की पोचवलं. लुसिया पडद्यावर तशीच वाट बघत बसली. दुपारी मी ते शब्द वहीत लिहून काढले, तारीख टाकली आणि वही कपाटात खाली, साड्यांच्या घडीत ठेवली. फार समाधान वाटलं मला. पहिल्यांदा माझ्याकडे असं काहीतरी होतं जे फेलिपाकडे नव्हतं.

ते समाधान बारा दिवस टिकलं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी, अचानक जोडणीची घंटा वाजली. लुसिया भराभरा बोलत होती. तिकडे दोन दिवस ज्वालामुखीची राख पडत होती. विमानं बंद, पावसाने राखेचा चिखल होऊन रस्ता बंद. एकोणीस वर्षांची मुलगी, नाव मार्सेला, कळा सुरू झालेल्या आणि मूल आडवं. दवाखान्यातले डॉक्टर पडद्याच्या एका कोपऱ्यात होते, ते म्हणत होते, आम्ही पोचू शकत नाही, आता जे करायचं ते तुम्ही करा. टिपणीस मॅडम पुण्याहून जोडल्या गेल्या आणि म्हणाल्या, जुळणी एक्क्याण्णव आहे, परवानगी दिली. आत्यांनी तेल लावलं, मोजे चढवले, उशीवर हात ठेवले. तिकडे फेलिपाने मार्सेलाच्या पोटावर ठेवले.

त्या दिवशी आत्या एक शब्द बोलल्या नाहीत.

वीस मिनिटं दोघींचे हात सोबत चालले. उशीवर आत्यांचा पंजा सरकायचा, पडद्यावर फेलिपाचा. मूल थोडं थोडं वळत होतं. पडद्याच्या खाली मुलाच्या ठोक्यांचा आकडा होता. एकशे अडतीस. एकशे तीस. मग एकशे दहा. मग ब्याण्णव.

मी नर्स आहे. ब्याण्णव म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. मला वहीतलं माझं अक्षर दिसत होतं, तारखेसकट. फेलिपाला सांगितलेलं नव्हतं. ती आता एकतर ढकलणार, नाहीतर घाबरून हात उचलणार, आणि तिच्या हाताखाली एकोणीस वर्षांची पोरगी होती जिने माझं काहीही बिघडवलं नव्हतं. मी बटण दाबलं आणि ओरडले, "हात उचलू नका, ढकलू नका, तसाच ठेवा, आईचे तीन श्वास मोजा." माझी मराठी यंत्रात गेली, तिचं स्पॅनिश झालं, ते लुसियाच्या कानात गेलं. प्रकाशाचा वेग वगैरे सगळं खरं, पण तीन जिभांना वाट चालायला वेळ लागतो. लुसियाने तोंड उघडलं तेव्हा मी पडद्याकडे बघत होते. फेलिपाचे हात आधीच थांबले होते. मार्सेलाचं पोट वर झालं, खाली आलं. पुन्हा, आणि पुन्हा. ब्याण्णव. एकशे चार. एकशे सव्वीस.

मग फेलिपाचा डावा हात किंचित फिरला, आणि मूल वळलं.

लुसिया डोळे पुसत म्हणाली, "मावशी म्हणते, हो, तिला हे माहीत आहे."

तिकडे बायकांचा गलका झाला आणि पडदा बंद झाला. दोन तासांनी मुलगी झाल्याचा निरोप आला. तेवढा वेळ आत्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर. निरोप वाचून दाखवला आणि मग मला राहवलं नाही.

"आत्या, ते तीन श्वासांचं मी तिला सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नाही सांगितलं."

"ठावं हाय. लाल दिवा लागला न्हवता."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? त्ये तिचंच हाय." आत्यांनी पाय पसरले, गुडघे चोळले. "मागल्या म्हयन्यात तिच्या हातातून माझ्या हातात आलं. मी जल्मभर आसं झालं की हात उचलतच आले. दोन पोरं गेली माझ्या हातनं त्यापायी. एक ती परीटवाडीची, आन् एक आपल्या शेजारची. सत्तरी उलटल्यावर कळलं का गेली त्ये."

जे मी घरचं म्हणून साड्यांच्या घडीत लपवलं होतं ते घरचं नव्हतंच. ज्या बाईपासून लपवलं होतं तिचंच होतं. मला हसावं की रडावं कळेना.

"पण मग तिचंच तिला परत कशाला सांगत होता तुम्ही?"

"तिला कुटं सांगत व्हते?" आत्या म्हणाल्या. "तिला हात कळतो. तिला बोलून काय करायचंय?"

सहा महिन्यांची ती सगळी टकळी माझ्या डोक्यातून एकेक वाक्य करून परत जायला लागली. पडवीत त्या वाक्यांच्या वेळी मराठी कळणारं माणूस एकच बसलेलं असायचं.

"आपल्यात मागितल्याबिगर हात देत न्हाईत, वैजे. माझ्या सासूनं मला चार वरीस ताटकळत ठिवलं व्हतं, मागंपातूर. मी अठरा वरीस बघितली वाट. म्हनलं आज मागंल, उद्या मागंल. त्या दिशी मागितलास त्यो बी दुसरीच्या नावानं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पर बोलायाला कुनाची बंदी हाय? म्हनून बोलत बसले."

"मी तुमचा अंगठा घेतला होता. मला वाटलं, तुम्ही राग धरलाय."

"धरला व्हता की. दोन-तीन वरीस धरला. मंग इसरले."

मला रडू आलं आणि मी रडले. नर्सने रडायचं नसतं वगैरे मी दुसऱ्यांना सांगते. मग आत जाऊन देवळीतला नारळ आणला, आत्यांपुढे ठेवला, आणि स्वतःच्या नावाने मागितलं. "आत्या, तुमचा हात मला द्या."

आत्यांनी केसांतला आकडा काढला आणि त्याचं टोक स्वतःच्या तर्जनीच्या शेंड्यावर दाबलं. रक्ताचा ठिपका आला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"दोन म्हयने झालं," त्या म्हणाल्या. "आजपातूर तळव्यावर वढून नेलं. आज तर समदं तिनंच केलं, मी निस्ती धरून व्हते. मॅडमला सांगू नको म्हनलं, न्हायतर बंद करतील. आता माझ्याकडं द्यायाला हात न्हाय, वैजे. जो व्हता त्यो तिच्याकडं हाय. तिला माग."

सासूकडे मागायला मला अठरा वर्षं लागली होती. फेलिपाकडे मागायला तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस मी खऱ्याखुऱ्या तापाने आजारी पडल्यासारखी होते. माझ्या सासूचा हात मी तिऱ्हाइताकडे मागायचा. आणि आधी कबूल करायचं की मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, त्या वेळी तुला ती माहीत नसती तर एक मुलगी दगावली असती. हे न सांगता मागता आलं असतं. लुसियाला काय, मॅडमना काय, कुणालाच कळलं नसतं. पण तिचा हात घ्यायचा आणि ते पोटात ठेवायचं, हे मला जमेना.

चौथ्या दिवशी सकाळी मी मोजे घातले आणि पडद्यासमोर बसले. आत्या मागे उंबऱ्याशी बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. लाल दिवा, वही, साड्यांची घडी, सगळं. मग मागितलं. माझं बोलणं तीन जिभांमधून गेलं आणि मी फेलिपाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग बोलली ती वेणीची फीत चाळवत, खाली बघत, एखादी चूक सांगावी तशी.

यंत्रातून मराठी आलं. "मावशी म्हणते, मलाही एक सांगायचं आहे. झुंब्राचा हात पूर्ण माझ्या हातात असायचा. पण ती बोलायला लागली की तो हलका व्हायचा. दर वेळी. आधी मला वाटलं, यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं की बोलताना तिचं मन शेजारी कुणाकडे तरी जातं. मला तिचं काम मिळालं, आणि ती स्वतः उठून तुझ्याकडे जायची. मावशी म्हणते, सहा महिने मी तुझा हेवा केला."

मागून शेंगांचा आवाज थांबला. "काय म्हनती ती?" आत्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हलका होणारा हात सांगितला, हेवा सांगितला. यावेळी एक शब्दही गाळला नाही. आत्यांनी ऐकून घेतलं, मांडीवरची टरफलं झाडली, उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"तिला म्हनावं," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ही माझी सून हाय. हिच्यापासून कायबी लपवू नको."

ते वाक्य मलाच मराठीत करून तिला सांगायचं होतं. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला आणि मी सांगितलं.